शाळा हरली, तू नाही

नाही गं, वर्ष वाया गेलेलं नाही. तुझी आई, म्हणजे माझी मामी, फोनवर सांगत होती, परवापासून तू धड जेवत नाहीस आणि खेळाचे बूट माळ्यावर टाकायला निघाली होतीस. बूट राहू देत खालीच. जिल्ह्याच्या खो-खोच्या उपांत्य फेरीत तुमची शाळा हरली. त्या शाळेत तू होतीस एवढंच. यातला फरक तुला कुणी नीट समजावून दिलेला दिसत नाही. आम्हालाही दिला नव्हता. सर सराव घ्यायचे, शिट्टी फुंकायचे, हरलो की ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे. आपण खेळतो ती स्पर्धा कुणाची, तिच्या वरची कुणाची, आपल्याला पुढं कोण पाठवणार आणि कोण अडवणार, हे मुलींनी विचारायचंच नसतं असा एकूण समज. मी हे सगळं खेळ सुटल्यावर शिकले. तू आत्ताच शीक. नववीत आहेस, अजून बरंच काही हातात आहे.

तू हरलीस ती शालेय क्रीडा स्पर्धा. तिची मालकी सरकारची. पुण्यात म्हाळुंगे-बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडा संकुलात क्रीडा व युवक सेवा संचालनालय आहे, वर्षाचा सगळा कार्यक्रम तिथून निघतो. संचालनालयाखाली आठ विभाग, विभागाला उपसंचालक, त्यांच्याखाली जिल्ह्याजिल्ह्यात जिल्हा क्रीडा अधिकारी. आपले सर ‘डीएसओ ऑफिसला जाऊन येतो’ म्हणतात ना, ते हे ऑफिस. पत्रकावर मात्र ‘जिल्हा क्रीडा परिषद’ असं छापलेलं असतं. त्या परिषदेचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. कलेक्टर साहेबांना तुमच्या सामन्याचा पत्ताही नसतो हे खरं, पण उद्या मैदानाचा किंवा पैशाचा प्रश्न आला तर दार कुणाचं ठोठावायचं हे त्यावरून कळतं. तालुक्याला तर बहुतेक सगळं काम क्रीडाशिक्षकच ओढतात. त्यातल्याच एकाला तालुका क्रीडा संयोजक करतात, आणि तो बिचारा आपले तास सांभाळून मैदान आखतो, पंच जमवतो, ड्रॉ काढतो, भांडणंही सोडवतो. त्यांच्यावर चिडण्याआधी एवढं लक्षात ठेव.

आता आपला नकाशा बघ. शाळेच्या भूगोलातला इथं चालत नाही. महसुलाच्या हिशेबात नगर जिल्हा आपल्या नाशिक विभागात येतो, खेळाच्या हिशेबात तो पुण्याकडे जातो. खेळाचा नाशिक विभाग म्हणजे नाशिक, धुळे, जळगाव आणि नंदुरबार. जिल्हे चार, पण विभागीय स्पर्धेला संघ येतात आठ, कारण महानगरपालिकेला वेगळा जिल्हा धरतात. म्हणजे आपल्या एकट्या नाशिक जिल्ह्याचे तीन ‘जिल्हे’ होतात: नाशिक ग्रामीण, नाशिक मनपा आणि मालेगाव मनपा. तू सातपूरला शिकतेस म्हणून मनपात. तुझी ती सिन्नरची मैत्रीण ग्रामीणमध्ये. ती आधी तालुका जिंकून मग ग्रामीण जिल्ह्याला येते, तू मनपाच्या शाळांशी भिडतेस, आणि दोघी जिंकलात तर विभागाला एकमेकींसमोर उभ्या राहाल. मनपात शाळा जास्त, इंग्रजी माध्यमाच्या जास्त, आणि पावसाळ्यात कोरडं मैदान मिळणं कठीण. खो-खोत ग्रामीणच्या मुली पायाला घट्ट असतात, शहराच्या मुली हूल चांगली देतात, असं आमचे सर म्हणायचे. मला विचारशील तर सुरगाणा तालुक्यातल्या अलंगुणसारख्या गावच्या मुली बघितल्या की हे वर्गीकरण जागेवर राहत नाही. त्यांना दोन्ही येतं.

विभाग जिंकला की राज्य. तिथं आठ विभागांचे आठ संघ आणि काही खेळांत नववा क्रीडा प्रबोधिनीचा. प्रबोधिनी म्हणजे सरकारची निवासी प्रशिक्षण केंद्रं, मुलं तिथं राहून खेळतात आणि शिकतात. राज्यातून महाराष्ट्राचा संघ निवडला जातो आणि तो राष्ट्रीय शालेय स्पर्धेला जातो. ती स्पर्धा भारतीय शालेय खेळ महासंघाची. सगळे त्याला ‘एसजीएफआय’ म्हणतात, स्थापना १९५४ ची. गट तीनच: १४, १७ आणि १९ वर्षांखालील. एकोणीसचा गट ज्युनिअर कॉलेजच्या मुलींचा. म्हणजे अकरावी-बारावीतही हीच शिडी पुढं चालू राहते, दहावीनंतर शाळेबरोबर ती संपत नाही. हे कितीतरी पालकांना ठाऊकच नसतं. दहावी झाली की ‘आता खेळ बास’ म्हणतात, आणि तिसरा गट तसाच रिकामा पडतो. मामीला हे तू सांगू नकोस, मी सांगते.

आता मुद्द्याचं. सांघिक खेळात या शिडीवर खेळाडू चढत नाही, शाळा चढते. मनपा जिंकणारी शाळा विभागाला जाते, विभाग जिंकणारी शाळा राज्याला. तुमच्या शाळेत तू आणि तुमची कर्णधार अशा दोघीच पळणाऱ्या, बाकीच्या सात जणी पीटीच्या तासाला उभ्या केलेल्या. समोर नऊच्या नऊ तयार असतील तर तू दोन मिनिटं काय, अडीच मिनिटं संरक्षण केलंस तरी तुझी शाळा घरी आणि तू तिच्याबरोबर घरी. त्यात तुझ्या पायाचा दोष नाही, स्पर्धेची घडणच तशी. धावणाऱ्या, थाळी फेकणाऱ्या, पोहणाऱ्या मुलीचं असं होत नाही. तिचा नंबर आला की ती एकटी पुढं जाते, शाळेचं काम अर्जावर सही-शिक्का मारण्यापुरतं. त्र्यंबकेश्वरजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत घे. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरला कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. घड्याळ तिच्या बाजूनं होतं. तिच्या जागी तितकीच तयारीची, त्याच पाड्यावरची खो-खोची पोर असती, तर तिला आधी आठ मैत्रिणी शोधाव्या लागल्या असत्या.

राज्यस्तराला मात्र गणित बदलतं, आणि हे तू डोक्यात ठेवायचं आहेस. राज्यस्पर्धा हीच राष्ट्रीयची निवड चाचणी असते. राज्याला पोहोचलेली शाळा पहिल्याच सामन्यात हरली तरी तिची एखादी मुलगी महाराष्ट्राच्या संघात जाऊ शकते. मैदानाच्या कडेला टेबल टाकून दोन-तीन माणसं बसलेली असतात, हातात पॅड, समोर यादी. पंचांकडे कुणी बघत नसेल तेव्हाही ही माणसं बघत असतात. संरक्षणाला तिसऱ्या तुकडीत जाऊन जी मुलगी शेवटपर्यंत नाबाद राहते तिचा चेस्ट नंबर त्यांच्या पॅडवर चढतो. आपल्या बाजूचा डाव गेलेला, दहा गुणांनी मागं पडलेलं, तरी खांबाला सूर मारून जी गडी टिपते तिचाही चढतो. आमच्या वेळी एक मुलगी सामना हरल्यावर रागानं खांबाला लाथ मारून बाहेर गेली. निवड करणाऱ्यांपैकी एक बाई तेवढ्यात पेन खाली ठेवताना मी बघितली. त्या मुलीचं नाव यादीत होतं की नव्हतं ते कधी कळलं नाही, पण तेव्हापासून हरल्यावर बाहेर कसं यायचं हे मला शिकवावं लागलं नाही.

मग कमकुवत शाळेतल्या मुलीनं काय करायचं? दुसरी शिडी. हिच्याविषयी तुमचे सर बोलले नसतील, कारण त्यात शाळेचं नाव येत नाही. ही संघटनेची शिडी. प्रत्येक खेळाची जिल्हा संघटना असते, तिच्यावर राज्य संघटना, तिच्यावर राष्ट्रीय महासंघ. खो-खोत नाशिक जिल्हा संघटना, मग महाराष्ट्र खो-खो असोसिएशन, मग भारतीय खो-खो महासंघ. इथं शाळेचा संघ पाठवत नाहीत, जिल्ह्याचा संघ निवडतात. चाचणीला तू एकटी जाऊ शकतेस. इथले गट: चौदाच्या आतल्या किशोरी, अठराच्या आतल्या मुली, मग खुल्या गटातल्या महिला. तू आता मुलींच्या गटात. या गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्कृष्ट खेळाडूला जानकी पुरस्कार मिळतो, किशोरींना इला, महिलांना राणी लक्ष्मीबाई. शालेय स्पर्धेत तुझ्याबरोबर कोण खेळतं यावर तुझं भवितव्य. इथं संघ निवडताना तुझ्या शेजारी कोण उभं राहील ते निवड समिती ठरवते. सातपूरची पोर सुरगाण्याच्या पोरीबरोबर एका संघात साखळी खेळायला लागली की चार महिन्यांत तुझा खेळ कुठल्या कुठं जाईल बघ.

शालेय स्पर्धेला कमी लेखते आहे असं नको समजू. दहावीचे वाढीव गुण आणि शाळेत मिळणारा मान तिथून येतो. पण खो-खोचा विश्वचषक जानेवारी २०२५ मध्ये पहिल्यांदा दिल्लीत झाला, भारताच्या मुलींनी आणि मुलांनी दोघांनीही अंतिम सामन्यात नेपाळला हरवलं, मुलींची कर्णधार आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. अशा संघाची वाट महासंघाकडून जाते. तेव्हा दोन्ही शिड्यांवर एकेक पाय ठेव. तारखा एकमेकींवर येतील, एखादी सहामाही परीक्षाही मध्ये येईल. येऊ दे. वर्षाच्या सुरुवातीला दोन्ही कार्यक्रम वहीत लिहून काढलेस तर वर्गशिक्षिकेला आधी सांगता येतं. सहामाहीच्या आदल्या दिवशी अर्ज घेऊन गेलं की कुठलीही बाई भडकते, आणि तिचं चुकत नाही.

संघटनेचीही एक गंमत आहे, म्हणजे तापच म्हण. कधी कधी एकाच खेळाच्या दोन संघटना निघतात आणि दोन्ही स्वतःला अधिकृत म्हणवतात. दोघींची प्रमाणपत्रं चकचकीत, दोघींचे पाहुणे आमदार. म्हणून प्रवेश शुल्क भरण्याआधी बाबांना सांग: या राज्य संघटनेला राष्ट्रीय महासंघाची आणि महाराष्ट्र ऑलिम्पिक असोसिएशनची मान्यता आहे का, एवढं विचारून घ्या. विचारलं की जे लोक चिडतात, तिथं जाऊ नये. अधिकृत संघटनेच्या माणसाला असा प्रश्न रोजचा असतो.

आपल्या भागात आणखी एक शिडी आहे, ती तुझ्या उपयोगाची नाही पण माहीत असू दे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे. आश्रमशाळांच्या स्पर्धा ते वेगळ्या घेतात, आधी प्रकल्पाच्या, आपल्याकडे नाशिक आणि कळवण असे प्रकल्प, मग विभागाच्या, मग राज्याच्या. शिवाय त्याच मुली डीएसओच्या स्पर्धेतही येतात. म्हणजे तुझ्यासमोर सुरगाण्याची मुलगी उभी राहते तेव्हा वर्षभरात ती तुझ्यापेक्षा जास्त सामने खेळून आलेली असते. ‘त्या काटक असतात’ म्हणून सोडून देणं सोपं असतं. खरं कारण त्यांना सामने जास्त मिळतात, आणि पहाटे साडेपाचला उठवणारं वसतिगृह असतं. आणि सीबीएसईच्या शाळांच्या वेगळ्या स्पर्धा असतात, त्यांचा संघ राष्ट्रीय शालेय स्पर्धेत राज्यासारखाच वेगळा उतरतो. तुझा तो चुलतभाऊ सीबीएसईत आहे ना, त्याला हे सांग.

आणि अजिबात कुठल्याच शाळेच्या शिडीवर न चढता पोहोचलेली माणसंही आपल्याकडे आहेत. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ सैन्यात गेल्यावर नौकानयन शिकला. दुष्काळी गावातला मुलगा, आणि २०१६ साली रिओ ऑलिम्पिकला तेरावा आला. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या संघात सुवर्ण. शालेय स्पर्धांच्या यादीत त्याचं नाव शोधत बसलीस तर सापडणार नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुला वाटतंय की नववीत जिल्हा हुकला म्हणजे सगळं हुकलं.

आता एक गोष्ट फक्त तुझ्या-माझ्यात. तू चांगली खेळतेस हे दिसलं की एखाद्या जिंकणाऱ्या शाळेतून निरोप येईल. फी माफ, बस फुकट, बूट-किट शाळेचं, नाव घालायचं फक्त. मोह होईल. मी थेट ‘जाऊ नको’ म्हणणार नाही. वर सांगितलं तसं सांघिक खेळात शाळाच चढते, तेव्हा चांगल्या शाळेत जाणं हा काही गुन्हा नाही, शहाणपणही असू शकतं. पण तीन गोष्टी बघ. तिथं तुझ्या जागेवर खेळणाऱ्या किती मुली आधीच आहेत. तिथं खरोखर वर्ग भरतो का, की खेळाडूंचं नाव पटावर आणि मुलं मैदानावर. आणि ‘दाखल्याचं आम्ही बघतो’ असं कुणी म्हणालं, तर तिथून सरळ उठून ये. अमेरिकेत, माझी नणंद असते तिथं, शालेय खेळांचा कारभार सरकार चालवत नाही. प्रत्येक राज्यात शाळांनीच मिळून काढलेली संस्था असते आणि नियम तीच करते. बऱ्याच राज्यांत खेळासाठी शाळा बदलली असं दिसलं तर मुलाला काही काळ मुख्य संघात खेळूच देत नाहीत. नणंदेचा मुलगा सहा महिने बाकावर बसला म्हणून ती फोनवर रडत होती. मला मनातून तो नियम आवडला. तो असता तर आपल्याकडच्या कितीतरी शाळांना आपल्याच मुली तयार कराव्या लागल्या असत्या. पण आपल्याकडे काय चालतं त्याप्रमाणेच तुला चालायचं आहे.

कागद. याचा कंटाळा करशील, म्हणून जरा जास्तच बोलते. आमच्या वेळी एकदा शाळेनं प्रवेशिका वेळेत दिली नाही. शाळेचं नाव घेत नाही, त्यातल्या दोघी बाई मला अजून लग्नकार्यात भेटतात. मैदानावर पोहोचलो, कपडे बदलले, आणि यादीत आमची शाळाच नाही. त्या दिवशी आम्ही प्रेक्षकांत बसून डबा खाल्ला. आता नोंदणी ऑनलाइन झाली आहे, तरी मुदत असतेच, आणि तुझी जन्मतारीख कुणीतरी माणूसच टंकतो. म्हणून सरांना गोड बोलून विचार, ‘सर, माझं नाव एकदा बघू का?’ स्वतःच्या डोळ्यांनी बघ. जन्मतारीख, वडिलांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग. आधारवर एक, जनरल रजिस्टरला एक आणि जन्मदाखल्यावर तिसरंच असेल, तर आत्ताच दुरुस्त करून घे. राज्याला आक्षेप आला की शोधायला वेळ मिळत नाही.

वयाचं तर विचारूच नको. गट ठरतो जानेवारीच्या पहिल्या तारखेवर. उदाहरण सांगते: २०२३-२४ साली १४ च्या आत खेळायला जन्म १ जानेवारी २०१० किंवा त्यानंतरचा हवा होता. ३१ डिसेंबर २००९ ला जन्मलेली मुलगी एका दिवसानं वरच्या गटात. म्हणून दर मोसमात कुणाचं तरी वय कमी होतं. समोरच्या संघात एखादी मुलगी तुझ्या ताईएवढी दिसली तर मैदानात ओरडू नकोस, प्रेक्षकांतून आईलाही ओरडू देऊ नकोस. संघ व्यवस्थापकानं लेखी आक्षेप घ्यायचा, शुल्क भरून, दिलेल्या वेळेत. तोंडी आक्षेपाला कुणी विचारत नाही, आणि सामना संपून ट्रॉफी दिल्यावर तर मुळीच नाही.

प्रमाणपत्र हातात पडलं की घरी जाऊन लॅमिनेट करायचं नाही. आधी वाच. नाव पेनानं लिहिलेलं असतं, घाईत, बहुतेक वेळा अक्षर वाईट असलेल्या माणसाकडून. माझ्या एका प्रमाणपत्रावर वडिलांच्या नावाच्या जागी आडनाव दोनदा आलं होतं. खेळाचं नाव, गट, पातळी, कितवा क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का. यातलं एक जरी सुटलं असेल तर त्याच दिवशी, त्याच टेबलावर, तोच माणूस असताना दुरुस्त करून घे. दहावी-बारावीला जिल्ह्यापासून आंतरराष्ट्रीयपर्यंतच्या पातळीप्रमाणे वाढीव गुण मिळतात, जास्तीत जास्त २५. त्यासाठी शाळा प्रस्ताव जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडे देते, तिथून शिफारस नाशिकच्या विभागीय मंडळाकडे जाते. मुदत चुकली की गुण गेले. नियमही बदलत राहतात, त्या वर्षीचा शासन निर्णय काढून बघायचा, मागच्या बॅचच्या दिदीनं काय सांगितलं त्यावर जायचं नाही. करोनात दोन वर्षं शालेय स्पर्धा झाल्याच नाहीत तेव्हा या गुणांपायी पोरांनी किती हेलपाटे घातले ते मी बघितलं आहे.

पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, २००५ पासून. कोणत्या गटाच्या नोकरीला कुठल्या पातळीचं पदक चालतं ते निर्णयात लिहिलेलं असतं. पण नुसतं प्रमाणपत्र पुढं करून भागत नाही, विभागीय उपसंचालकांकडून त्याची पडताळणी करून घ्यावी लागते. मध्यंतरी राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजलं, लोक न खेळलेल्या खेळांची पदकं घेऊन नोकरीला लागले होते, तेव्हापासून तपासणी कडक झाली. माझ्या संघातली एक मैत्रीण भरतीच्या वेळी आठवडाभर फक्त एक जुनी सामन्यांची यादी शोधत फिरत होती. म्हणून प्रमाणपत्राबरोबर त्या स्पर्धेचं पत्रक, संघाची यादी, वर्तमानपत्रातलं कात्रण, सगळं एका फाइलला लाव. ‘गावकरी’त, ‘देशदूत’मध्ये दोन ओळी येतात ना, ‘अमुकने २.१० मिनिटे संरक्षण करत ४ गडी बाद केले’, ते कापून ठेव. कायद्यानं त्याला किंमत नसेल, पण तारीख आणि ठिकाण शोधायला उपयोगी पडतं.

आता ते, जे मामीसमोर बोलता येत नाही. विभागाला धुळ्याला किंवा नंदुरबारला जाशील तेव्हा मुक्काम बहुधा एखाद्या शाळेत किंवा मंगल कार्यालयात असतो. सतरंज्या, एक मोठी खोली, नळाला रांग. मुलींच्या संघाबरोबर महिला व्यवस्थापक असलीच पाहिजे, हा नियम आहे, कुणाचे उपकार नाहीत. ‘बाई ऐन वेळी आजारी पडल्या, मीच आहे’ असं सर म्हणाले तर, सर कितीही चांगले असले तरी, घरून फोन जायला हवा की दुसऱ्या बाई मिळेपर्यंत मुलगी निघणार नाही. हे तुला अवघड वाटेल. तेव्हा मला फोन कर, मी बोलते. कोचनं एकटीला खोलीत बोलावलं, पाय दुखतो म्हणाल्यावर स्वतः चोळायला बसला, रात्री मेसेज पाठवायला लागला, तर ‘माझा गैरसमज होत असेल’ असं मनात घोळवत बसू नको. सांग. आईला, मला, बाईंना, कुणालाही. कुणीच नसेल जवळ तर १०९८. तुझं संघातलं नाव जाईल असं तो म्हणाला, तर वर सगळं ज्यासाठी सांगितलं ते हेच: तुझं नाव काढायचा अधिकार एका माणसाच्या हातात नसतो. त्याच्यावर जिल्हा अधिकारी, त्याच्यावर उपसंचालक, आणि त्याच्या शेजारी दुसरी शिडी उभी आहे.

पाळी. ती येणारच, आणि नेमकी उपांत्य सामन्याला येणार, ते आपल्या नशिबात लिहिलेलं असतं. गोळ्या घेऊन पुढं ढकलायचं स्वतःच्या मनानं करू नको, कुणी मैत्रिणीनं दिली तरी. डॉक्टर बाईंना विचार. बॅगेत गडद रंगाची जास्तीची शॉर्ट, त्याच्या आत घालायला सायकलिंगची घट्ट शॉर्ट, वर्तमानपत्र, दोन प्लास्टिकच्या पिशव्या. गणवेश पांढरा ठेवणाऱ्या शाळेला आमच्या संघानं लेखी विनंती करून शॉर्टचा रंग बदलून घेतला होता. सरांनी अर्ज वाचला, लाल झाले, आणि एका शब्दाचा वाद न घालता सही केली. लाजायचं त्यांनी होतं, आम्ही नाही.

आणि पोट रिकामं ठेवून खेळू नको. मुक्कामाच्या नाश्त्याला कांदेपोहे मिळतात ते बऱ्याचदा नऊनंतर, आणि पहिला सामना असतो आठला. घरून शेंगदाण्याचे लाडू ने. संघातल्या एका मुलीकडे काहीच नसेल तर तुझ्यातला एक दे, पण दोन नको देऊस, तुलाही पळायचं आहे.

विभागाचा खर्च बहुधा शाळा आणि पालक मिळून करतात. काही खेळ तर विनाअनुदानित यादीतच असतात, तिथं सगळा भार पालकांवर. मामाला हे आधीच सांग, ऐन वेळी पाचशे-हजार मागितले की तो चिडतो, मग बोलणं खेळावरून अभ्यासावर जातं आणि अभ्यासावरून माझ्यावर.

तर आता असं कर. संघटनेच्या मुलींच्या गटाची चाचणी कधी आहे ते जिल्ह्याच्या पंचांपैकी कुणालाही विचार. तुमच्या उपांत्य सामन्याला जे पंच होते त्यांचे नंबर सरांकडे असतात. हिरावाडीच्या विभागीय संकुलावर संध्याकाळी गेलीस तरी कुणी ना कुणी सांगेल. चाचणीला जन्मदाखल्याची झेरॉक्स, आधारची झेरॉक्स, शाळेचं बोनाफाईड आणि पासपोर्ट फोटो लागतील. फोटो आजच काढून घे, आठ-दहा प्रती, मागं पेनानं नाव लिहून ठेव. ओल्या मैदानाची सवय राहावी म्हणून पाऊस असला तरी सरावाला जा, पण बूट आल्यावर कागद कोंबून वाळव, नाहीतर त्यांचा वास मामीला माझी आठवण करून देईल. मामीला मी रविवारी सकाळी फोन करते. तू तेव्हा घरात नसशील असं बघ, नाहीतर ती माझ्याशी बोलताना तुझ्याकडे बघून बोलते.